आधी तुम्ही

लिफ्टमधून बाहेर पडलेलं अत्यवस्थ दत्तारामचं स्ट्रेचर आपोआप चालत आलं आणि दोन दारांच्या मधल्या खोलीत थांबलं. आतल्या काचेच्या दाराशी त्याची बायको कुमुद भिंतीला टेकून उभी होती, शेजारी डॉक्टर. दार काही उघडेना.

"साहेब, उघडा की!"

रुग्णालयाचे इंजिनियर रेगे घामाघूम झाले होते. "बाहेरचं दार लागल्याशिवाय हे उघडत नाही, ताई. जंतू येऊ नयेत म्हणून. लिफ्ट उभी असेपर्यंत ते दार लागत नाही, कुणी सापडू नये म्हणून. आणि पेशंट आत पोचल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, परत न्यावं लागलं तर असावी म्हणून."

"मग हे तपासलं नव्हतं कुणी?"

"एकेक यंत्र तपासलंय, एकही चुकत नाही. पण सगळी मिळून काय करतील ते बघायचं, तर शक्यता इतक्या, की सूर्य विझेल, हिशेब संपायचा नाही. काच फोडायची परवानगी मागितलीय. येईलच."

डॉक्टर रेग्यांकडे बघत राहिले, रेगे फोनकडे. काचेपलीकडे दत्तारामने हात उचलला. थोड्या वेळाने तो हात स्ट्रेचरखाली लोंबकळला.

मग परवानगी आली.

"बाजूला व्हा, ताई," म्हणत रेग्यांनी कुमुदच्या खांद्यामागून भिंतीवरची लाल हातोडी काढली. एका घावात काच फुटली.

कुमुद त्या रिकाम्या खुंटीकडे बघत राहिली. हातोडी मघापासून तिच्या पाठीला टोचत होती. कुमुदही कुणीतरी सांगेल म्हणून थांबली होती.