विरळ रेघ

"हाई कोन शे?" आरशात बघत आक्काबाईंनी विचारलं.

दिपमालाने चिमटा टेबलावर ठेवला. धुळ्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत ती अकरा दिवस या एका विगला चिकटून बसली होती. मान आखडली होती, डोळ्यांची आग होत होती, आणि बाई विचारत होत्या, ही कोण.

"तुम्हीच, आक्का. काय चुकलं?"

आक्काबाईंनी कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथे बोट ठेवलं. "इतला दाट केस मना लगीनमा बी नही व्हतात."

दिपमालाला स्वतःचाच राग आला. सरळ केसांचा विग असला की कपाळावरची रेघ उघडी पडते, म्हणून तिथे एकेक केस उपटून विरळ करावा लागतो. आक्काबाईंचे केस राठ आणि कुरळे. विगच्या जाळीला गाठ मारून बसवलेला कुरळा केस बाहेर आला की लगेच वळतो आणि आपली गाठ आपणच झाकतो, म्हणून तिने पुढे खुशाल दाट भरले होते. शिकवलं होतं तसंच. पण जन्मभर हंडे आणि कापसाची गाठोडी वाहिलेल्या बाईचं कपाळ शिकवण्यात कुठून येणार? ओझ्याखालच्या चुंबळीने घासून तिथले केस किमोच्या कितीतरी आधी गेलेले असतात.

"बसा," ती म्हणाली. "उपटते."

आक्काबाई विग घालूनच स्टुलावर बसल्या. दोंडाईच्यापलीकडच्या गावाहून सकाळी एसटीने आल्या होत्या. सहा किमो झालेल्या अंगाला तेवढंही पुष्कळ झालं होतं. बोलता बोलता डोळे मिटत होते.

"रविवारे घरमा कानबाई बसी," त्या म्हणाल्या. "तानुबाईनं आत्तेच सांगी दिनं, उघडं डोकं लिसन आईले उचलानं नही. यंदा मी उचलस म्हने."

कानबाई म्हणजे श्रावणात घरी बसणारी देवी, सगळ्यांची आई; तानुबाई म्हणजे धाकटी जाऊ. हे सांगताना आक्काबाईंचा आवाज चढला नाही, पण मांडीवरच्या हाताची मूठ वळली. दिपमालाला त्या न पाहिलेल्या जावेची चीड आली.

दीड तासाने तिने चिमटा खाली ठेवला. मधोमध दोन बोटं विरळ, कानशिलांकडे थोडे दाट, एक बाजू दुसरीपेक्षा किंचित मागे. अकरा दिवसांतलं निम्मं काम फरशीवर पडलं होतं. आक्काबाईंनी डोक्यावर पदर घेतला, मान इकडे तिकडे वळवली.

"हां. आते मी शे."

दिपमालाला एकदम रडू येईल असं वाटलं. थकलं की तिचं असंच व्हायचं. ती खोका शोधायला उठली, तेवढ्यात आक्काबाईंनी पिशवीतून चुंबळ काढली आणि पदरावर ठेवली.

"तो पानीना जार ठेव बरं वर."

"जार? कशाला?"

"सोमवारे आईना पाट डोकावर लिसन नदीवर जानं शे. बत्तीस वरीस व्हयनात, मीच लेस."

कानबाई दिपमालाच्याही घरी बसायची, पण त्यांच्याकडे सोमवारी देवी जीपमधून नदीवर जायची. "आक्का, हे तुम्ही आधी सांगायचं ना!"

"कानबाई म्हनं ना तुले. आखो काय सांगानं?"

अर्धा भरलेला जार दिपमालाने जपून चुंबळीवर ठेवला. आक्काबाई दोन पावलं चालल्या. तिसऱ्या पावलाला चुंबळ पुढे सरकली, तिच्याबरोबर विग सरकला, आणि ती इतक्या कष्टाने जमवलेली रेघ थेट भुवयांवर येऊन बसली. दिपमालाने जार कसाबसा धरला.

"विगखाली नुसती टेप आहे आक्का, मूळ नाही," ती म्हणाली. "दिसायला कोणी नावं ठेवणार नाही. पण वजन घेतलं की सरकणार. घामाने तर सरकणारच. अजून घट्ट चिकटवली तर तुमची कातडी सोलून निघेल."

विग घालून पाट जावेला द्यायचा, नाहीतर चारचौघांत टक्कल दाखवायचं. तिसरी वाट दिपमालाकडेही नव्हती.

आक्काबाईंनी विग काढून टेबलावर ठेवला. नुसत्या डोक्यावर पदर घेतला, वर चुंबळ दाबून बसवली.

"ठेव आते."

दिपमालाने जार ठेवला आणि दोन्ही हात तसेच वर धरून राहिली. आक्काबाई दारापर्यंत गेल्या, वळल्या, खिडकीपर्यंत आल्या. हात खाली मोकळे सोडलेले. जारमधलं पाणी हललंसुद्धा नाही.

"आते बसनं," चुंबळीच्या कडेला हात लावून त्या म्हणाल्या.

दिपमालाने हात खाली घेतले. "मग विग?"

"बांधी दे. मंगयवारपाइन घालसू."

"आणि सोमवारी तानुबाई बोलल्या तर? सगळे भाऊबंद असतील. सगळे डोक्याकडेच बघतील आक्का."

आक्काबाईंनी डोक्यावरचा जार तसाच ठेवून चपलेत पाय घातले, अंदाज घेत, एकेक.

"दखोत. माले तं वाट दखनी पडी."