जुन्या पत्त्यावर शोधा

"आधी मुलाचं नाव बघा, मग त्याच्या बापाचं," टेलरकाकूंनी खिडकीतल्या कारकुनाला बजावलं. "आणि सावकाश. बुडव्यांच्या कपाळावर शिक्का नसतो."

दिवाळखोरीच्या नोंदी इथे कुणालाही पाहता येतात, हे फार थोड्यांना ठाऊक. टेलरकाकूंना मात्र या कचेरीचे बाकसुद्धा ओळखत होते. दुकानात शिवणारी ठेवायची असो की वरची खोली भाड्याने द्यायची, आधी इथे चक्कर. सत्तावीस वर्षं ब्लाउजची मापं घेता घेता माणसांचीही घ्यायची सवय जडलेली. आज तर एकुलत्या मुलीचा प्रश्न होता. मुलाकडची मंडळी रविवारी पहिल्यांदाच घरी येणार होती. लग्न ठरायचं की फिस्कटायचं ते त्याच दिवशी.

"आई, मी त्याला तीन वर्षं ओळखते," मुलगी फणकारली होती.

"मी कापड भिजवून बघितल्याशिवाय कात्री लावत नाही."

नवरा म्हणजे देवमाणूस. सकाळपासून तीनदा म्हणाला, "जाऊ दे गं. लोकांची झाकली मूठ कशाला उघडतेस?"

"दोन्ही नावं स्वच्छ," कारकून म्हणाला. "दाखल्यावर सही व्हायचीय. बसा."

काकू ऐटीत बसल्या. शेजारच्या संगणकावर एक जाडगेले गृहस्थ एका बोटाने अक्षरं शोधत होते.

"सापडत नाही वाटतं?"

"नाव घातलं, काहीच निघालं नाही."

"भाडेकरू ठेवताय?"

गृहस्थ हसले. "तसंच म्हणा. मुक्काम मात्र मोठा आहे."

"मग नावावर जाऊच नका, दादा. आडनाव अर्धं लिहितात, बापाचं नाव गाळतात. राहतं घर कसं गाळतील? अगदी पहिलं घर शोधून काढा, संसार मांडला ते. माणूस बुडतो तो तिथेच."

"एक जुना पत्ता आहे खरा माझ्याकडे."

"मग घाला की! हातपाय मारल्याशिवाय पोहता येत नाही."

गृहस्थांनी पुन्हा एक बोट कामाला लावलं. "आणि समजा निघालीच एखादी नोंद? वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची?"

"जुनी काय नि नवी काय. उसवलेली शिवण घालून घेतली तरी खूण राहतेच. एक नोंद निघाली की हात जोडायचे आणि उठायचं. माझा नियम आहे."

"तुमच्या घरीही हाच नियम?"

"घरापासूनच सुरुवात, दादा!"

"पटलं. मीही हाच पाळतो."

खिडकीतून हाक आली. काकूंनी दाखला घेतला, दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला. आता रविवारी ताठ मानेने बसता येणार होतं.

"ताई, तुमचे उपकार झाले!" गृहस्थ मागून म्हणाले. "निघाली बघा नोंद. भाच्याचं लग्न ठरत होतं हो. मुलगी जन्मली त्या घराचा पत्ता त्याला तिनेच कधीतरी सांगितला होता, तो घातला. मुलीच्या बापानेच दिवाळं काढलेलं निघालं. आता रविवारी जायलाच नको. चष्मा विसरलोय, नाव नेमकं कसं लिहिलंय, एवढं वाचून सांगता? बहिणीला कळवतो."

"सांगते की," म्हणत काकू पडद्याकडे वाकल्या.

नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं.