नाचघरातली पावलं

उमरावांच्या महालाचं चित्रसंग्रहालय झालं, तरी नाचघराची लाकडी जमीन अजून जिवापाड जपतात. ओरखडा उठू नये म्हणून मी दाराशी बसून प्रत्येकाच्या बुटांवर मऊ कापडी खोळी चढवते. नणंद आत पहारा करते.

काल दुपारी शेवटची मंडळी गेली. खोळी टोपलीत परत आल्या, मी दार लावलं. तेवढ्यात आतून नणंद ओरडली, "वहिनी, कुणाला अनवाणी सोडलंस काय गं? साहेब आपल्या दोघींची हजेरी घेतील!"

"काहीतरीच तुझं!" म्हणत मी तरातरा आत गेले.

मेणाने चकाकणाऱ्या जमिनीवर उघड्या पायांचे दमट ठसे होते. पाचही बोटं स्पष्ट. भिंतीवरच्या मोठ्या तैलचित्राखालून ते निघाले होते.

असा ठसा टिकत नाही. पाऊल उचललं की तो बघता बघता विरतो, हे रोज जमीन पुसणाऱ्या आम्हाला पक्कं ठाऊक. चित्राजवळचे आमच्या डोळ्यांदेखत विरले. पुढे मात्र नवे उमटत होते, सावकाश, आमच्या दिशेने.

नणंदेने माझा दंड गच्च धरला. "वहिनी, चल ना गं." माझे पाय जागचे हलेनात.

मग नवे ठसे उमटायचे थांबले. मागचे सगळे विरले. उरले दोनच, शेजारी शेजारी, बोटं माझ्या बोटांना जवळजवळ टेकलेली.

आम्ही वाट बघत राहिलो. ते काही विरेनात.