मागच्या रांगेतली मुलगी

"कुमुदआजींकडे बसू नकोस गं, नाटक कंपनीवरचा तो जुना सिनेमा दाखवल्याशिवाय सोडत नाहीत," असं शेजारच्या प्राचीने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. तान्ही इरा सोडली तर दिवसभर माझ्याशी तरी कोण बोलत होतं?

नाच आला की आजी सिनेमा थांबवायच्या. "मागच्या रांगेत, गजरा सुटलाय ना, ती मीच. दहा वर्षांची होते!"

काल थांबवला आणि नुसत्या बघतच राहिल्या. "यात मी कुठली गं?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"एवढीशी पोर? हिची आई कुठंय?" मग म्हणाल्या, "ती न्यायला येईपर्यंत दार उघडंच ठेवते."

मी आज इराला घेऊन माहेरी आलेय. तुम्ही विचुंब्यात राहत असाल तर त्यांच्याकडे जरा डोकावाल का?