डब्यातला हिवाळा

हिवाळा येईनासा होऊन बावीस वर्षं झाली होती. आता सरकारकडून घरटी एकच थंड डबा मिळायचा. कुमुदमावशीच्या वीतभर डब्यात लसणाच्या एकतीस जाती पुड्या बांधून गच्च भरल्या होत्या, जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या. थंडी लागली नाही, तर लसणाला पाकळ्याच धरत नाहीत. मग पुढच्या वर्षी लावणार काय?

आणि आज धाकटी बहीण नलू कायमची राहायला आली, इन्सुलिन घेऊन.

"लसणापायी लग्न केलं नाहीस, आता माझ्यापायी लसूण सोडतेस?" नलू म्हणाली. "मी परत जाते गं."

"गप बस." मावशीने एकेक पुडी काढून तिथे इन्सुलिन ठेवलं. मग पाटा धुतला आणि सगळ्याची चटणी वाटली.

"यात कोणकोणते आहेत गं?" नलूने भाकरी मोडत विचारलं.

मावशी नावं सांगू लागली. एकतिसावं नाव येईपर्यंत नलूचा घास हातातच होता.