बारावा झरा

अडीच किलोमीटर खोल, समुद्रतळावरच्या गरम झऱ्यापाशी मथुरा तांडेल उभी होती. असल्याच झऱ्यांवरच्या नळीकिड्यांचं, प्राणवायू धरून ठेवणारं रक्त तिच्या अंगात भरलं होतं, म्हणून जराशा हवेवर ती दिवसभर टिकायची. आज किडे खरवडून धातू उपसणाऱ्या पाइपाला जागा करायची होती. पण इथले किडे पाहून तिचा हात थांबला.

“साहेब, अकरा झरे पाहिलेत मी. हे किडे कुठेच नव्हते. तुरे जांभळे आहेत, नळ्या पिळलेल्या आहेत.”

“किडा तो किडा,” तिच्या टोपातल्या फोनवर जहाजावरून मुकादम गुरव म्हणाला. “खरवड आणि बाजूला हो.”

“असं घडायला लाखो वर्षं लागली असतील ह्यांना. मी नाही हात लावणार.”

“मग पुन्हा कधी खाली उतरणार नाहीस तू.”

“उतरायला आधी वर यावं लागतं, साहेब.”

तिने खरवडणी भिरकावली आणि झऱ्याच्या तोंडाशी मांडी ठोकून बसली. पाइप घरघरत खाली आला. तिच्या डोक्यापासून दोन हातांवर येऊन थांबला. ती तसूभरही हलली नाही.

वरून गुरवचा आवाज आला, “पाइप वर घ्या.”

मथुराने टोपावरचा कॅमेरा सुरू केला आणि एकेका किड्याचं चित्र किनाऱ्यावरच्या सगळ्या प्रयोगशाळांना पाठवायला लागली.