बावडीपुऱ्याचा थांबा

शेहेचाळीस मेंढरं. पाच किलो झेंडू. ओल्या रंगाची पिवळी पाटी. मोहिनीच्या मुठीत घामेजलेलं हॉल तिकीट. मेंढरांच्या वाडग्याच्या फाटकाला तारेऐवजी सुतळी.

दहाला पाच कमी.

"मसाजी, आज एक शेपूट बी दिसलं न्हाई पायजे," माणिकराव फेटा सावरत म्हणाले. "फोटो निघणार हायेत."

"कोंडलीत, मालक. सकाळीच."

कोंडली होती ती माणिकरावांसाठी नव्हे. काल मेंढरं रूळ ओलांडताना रेंगाळली, गाडी खोळंबली, आणि मसाजीची लेक मोहिनी वसमतला पोचली तेव्हा परीक्षा केंद्राचं फाटक निम्मं लागलं होतं. "दोन मिनिटं अजून गेली असती तर नर्सिंगचं वर्ष गेलं असतं, आबा," एवढंच ती म्हणाली. रागावली असती तर बरं, असं मसाजीला रात्रभर वाटत राहिलं. आज दुसरा पेपर. उद्या शेवटचा. एसटीनं वेळेत पोचणं होत नव्हतं.

हिंगोलीच्या टोकाला बावडीपुरा. रूळ आणि रस्ता एकाच पातळीला, आणि मुरूम टाकलेली पन्नास पावलं म्हणजे फलाट. तीन वर्षांपूर्वी माजी नगरसेवक माणिकरावांनी थांब्यासाठी अर्ज दिला. उत्तर आलं नाही, पण आठवड्याभरात गाडीच थांबू लागली. याहून मोठं उत्तर ते कोणतं? लोक मोबाईलवर हिंगोलीचं तिकीट काढून इथंच चढू लागले. पाटी तेवढी राहिली होती. ती आज माणिकरावांनी स्वतःच रंगवून आणली होती.

या साऱ्याला गालबोट एकच. गाडी यायची वेळ आणि मसाजीची मेंढरं रुळावर यायची वेळ एकच. भोंगा वाजायचा, लोक शिव्या घालायचे, मसाजी इंजिनाला हात जोडायचा.

कयाधूच्या पुलाकडून भोंगा ऐकू आला. आणि सुतळी तुटली.

रोजच्या वेळेला रोजची भूक. शेहेचाळीस मेंढरं माणिकरावांच्या पायांमधून, झेंडूच्या टोपलीवरून, थेट रुळावर.

"हाकल! हाकल की रे! इज्जत घालवून राहिला गावाची!"

"हुर्रर्र! हुर्रर्र!" मसाजी धावला. मेंढरं कुठली ऐकतात. गाडी करकरत, भोंगा वाजवत उभी राहिली.

माणिकरावांनी तेवढ्यात इंजिनाला हार घातला. टाळ्या पडल्या. ड्रायव्हर खिडकीतून वाकला. हाराकडं त्यानं पाहिलंही नाही.

"काय काका, आज मेंढरं उशिरा?"

मसाजी शरमेनं अर्धा झाला. "उद्यापासून न्हाई दिसणार, साहेब."

मोहिनी दारात चढून उभी होती. "आबा, उद्या तरी..."

"उद्या एक बी न्हाई, माय. शब्द हाय माझा."

गाडी सुटली. ती वेळेत पोचली, असा दुपारी फोन आला. मसाजीनं लगेच टेम्पो बोलावला आणि सगळी मेंढरं सिद्धेश्वरला बहिणीकडं, चंद्रभागाबाईकडं, धाडून दिली. माणिकरावांनी स्वतः येऊन त्याची पाठ थोपटली. "आता झालं बघ आपलं टेशन बराबर."

संध्याकाळी मसाजी रिकाम्या वाडग्यासमोर बसला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला निवांत वाटत होतं. उद्या दहाला गाडी येईल, कुणाचीही आडकाठी नसेल, आणि पोरगी बसेल.

बावडीपुऱ्यात गाडी पहिल्यांदा थांबली तो सोमवार होता. रुळापलीकडच्या गायरानात मसाजीनं मेंढरं पहिल्यांदा नेली, तीही त्याच सोमवारी.